मदत हवी आहे: गाडी चालताना कॅम्परची मागची बॅटरी चार्ज होत नाही

मुलीच्या १४ वर्षांखालील फुटबॉल स्पर्धेसाठी कॅम्पर घेऊन निघालोय. आधी टायर फाटला, त्यात हाताशी ठेवलेला वेळ गेला. आता फ्रिज-दिव्यांची मागची बॅटरी वाटेत चार्ज होईना. परवा सकाळी पहिला सामना आहे.

बॅटरी १२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता), एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड प्रकार). बाहेरच्या विजेवर रात्रभर लावली की भरते आणि टिकते, म्हणजे ती मेलेली नाही. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर मीटर १४.२ दाखवतो, मागची मात्र १२.३ वरून हलायला तयार नाही. स्प्लिट चार्ज रिलेचा (इंजिन चालू असताना पुढची-मागची बॅटरी जोडणारा स्विच) ‘टक्’ आवाज नीट येतो, हेच कोडं आहे. दोन्हीकडचे फ्यूज काढून तपासले, टर्मिनल घासले, फरक शून्य. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं चार्जिंगचं जनित्र) जुन्या पद्धतीचा आहे, स्वतः व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्मार्ट नाही.

मैदानाच्या पार्किंगमध्ये वीज नाही, जनरेटरला मनाई, छतावर सोलर नाही. हॉटेलं स्पर्धेमुळे भरलेली, तो सल्ला कृपया नको. दिवे नसले तरी चालेल, पण संघाचे बर्फाचे पॅक आमच्याच फ्रिजमध्ये आहेत. हाताशी मल्टिमीटर, पाने आणि थोडी जाड वायर आहे.

रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत की मागची वायर किंवा अर्थ (बॅटरीची गाडीच्या सांगाड्याला जाणारी निगेटिव्ह जोडणी) खराब आहे, हे मीटर नेमका कुठे लावून ठरवायचं? आणि रिलेच गेला असेल तर त्याची दोन जाड टोकं फ्यूज घालून फक्त गाडी चालताना जोडली, थांबल्यावर काढली, तर स्पर्धेपुरतं चालेल का?