मदत हवी आहे: मातीचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत

नमस्कार मंडळी, मी ठाण्याची, एमएस्सी बॉटनीला आहे आणि प्रोजेक्टला टुंड्रावरचे वॉर्मिंगचे प्रयोग घेतलेत. अलास्का, कॅनडा, स्वालबार्ड वगैरे ठिकाणी १९९० साली सुरू झालेल्या आयटेक्सच्या (टुंड्रावरच्या प्रयोगांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) पद्धतीने जमिनीवर वरून उघड्या पारदर्शक पेट्या ठेवतात, त्या वारा अडवतात, ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात आतली हवा साधारण १ ते ३ अंशांनी तापते. सर म्हणाले नुसतं वाचू नकोस, करून बघ, म्हणून गच्चीवर अ‍ॅक्रिलिकची पेटी उभी केली (सेक्रेटरी काकांनी दोनदा विचारलं, हे काय कबुतरांसाठी?). आत एक कुंडी, बाहेर एक, दोन्हीत ५ सेंमी खोल तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर.

तर घोळ असा की पेटीतली माती बाहेरच्यापेक्षा ०.६ ने थंड दाखवतेय. टुंड्रातही कधीकधी हवा तापते पण झाडोरा वाढून सावली पडते नि माती उलट थंड होते, हे वाचलेलं, त्यामुळे एक दिवस मी खूश होते 😅 मग सेन्सरांची अदलाबदल केली तर आता बाहेरची माती ०.६ ने थंड! बर्फात शून्याला चेक करावं म्हणून मार्केटमधल्या मासळीवाल्या मावशींकडून बर्फ आणला, तर एक उणे १.४ आणि दुसरा उणे ०.८. सेन्सर गेले का? पुढच्या आठवड्यात सरांना दाखवायचंय, प्लीज सांगा.

खारघरकर: सेन्सर ठीक आहेत, बर्फ खारट आहे. मासळीच्या पेटीतला बर्फ चाटून बघू नकोस, पण मिठाने बर्फाचं पाणी शून्याखाली जातंच. घरच्या फिल्टरच्या पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये घाल, फटी भरतील एवढंच पाणी, ढवळ, दहा-पंधरा मिनिटं थांब. यातल्या प्रत्येक सेन्सरची अचूकता ०.५ इकडेतिकडे, म्हणजे दोघांत ०.६ चा फरक कंपनीच्या हिशोबात बसतो. टुंड्रात मात्र हे चालत नाही, कारण माती गोठताना बरेच दिवस शून्यापाशीच अडून राहते, तिथे अर्धा अंश चुकला की गोठली की नाही तेच कळत नाही. आणि कुंडी बाजूनेही तापते गं, जमीन फक्त वरून तापते. बाहेरून थर्माकोल गुंडाळ. वायर सरळ वर काढू नकोस, त्याच खोलीवर थोडी आडवी ने, नाहीतर वरचं ऊन वायरवाटे खाली उतरतं.

धागाकर्ती: केलं दादा! उणे ०.२ आणि अधिक ०.४ आलं. ते वजा केल्यावर दोन्ही कुंड्या एकसारख्या, म्हणजे पेटीने माती तापवलीच नाही. थर्माकोल आज लावते, तेही मावशींकडूनच मागून आणलंय, वास येतोय.