नैसर्गिक गुहांचे पत्ते जाहीर करावेत का?

डोंगरवेडा: मेघालयात क्रेम लियत प्राहसारखी तीस किमीहून लांब गुहा आहे. क्रेम पुरी २४.५ किमी, तीही वालुकाश्मात. हौशी लोकांनी १९९० नंतर वर्षानुवर्षं रांगत, चिखलात लोळत या गुहांचे नकाशे काढले. पण नवख्यानं विचारलं, तोंड कुठे आहे? की सगळे गप्प! माझ्या मते ही मक्तेदारी आहे. बहुतेक गुहा ज्या दगडात बनतात, ती जैंतिया डोंगरातली चुनखडी सिमेंटला जातेय. जी गुहा कुणी पाहिलीच नाही, ती वाचवायला कोण उभं राहणार?

चुनखडी: साफ अमान्य. लवणस्तंभ, म्हणजे गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचा खांब, वर्षाला जेमतेम ०.१ मिमी वाढतो. हाताचं तेल लागलं की तिथली वाढ खुंटू शकते. सोहराच्या (चेरापुंजीच्या) क्रेम मॉम्लूह गुहेतल्या अशाच एका स्तंभावरून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला २०१८ साली 'मेघालयन' नाव मिळालं. तोच कुणी आठवण म्हणून मोडून नेला असता तर? रील्सवाल्यांना पत्ता देऊन बघाच.

ओला दोर: धोक्याचं कुणी बोलतच नाही. थायलंडच्या थाम लुआंगमध्ये जून २०१८ला तेरा जण अडकले ते पावसाच्या पाण्यानं. मेघालयात मोहिमा फेब्रुवारीच्या सुमारास का निघतात, ते यावरून कळावं. आपला ट्रेकर लेण्यात मुक्काम करून सरावलेला. सह्याद्रीचा बसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे असल्या गुहांची आपल्याला सवयच नाही. हा मोबाइलच्या टॉर्चवर आत शिरणार. अमेरिकेत अशांना 'स्पेलंकर' म्हणून हिणवतात. स्वतःला 'केव्हर' म्हणवणारा हेल्मेट आणि तीन दिवे घेतल्याशिवाय उतरत नाही.

डोंगरवेडा: मग शिकवा की! दार लावून घेणं हा उपाय झाला का?

चुनखडी: शिकलेलेही घाण नेतात. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये वटवाघळांचा बुरशीचा रोग सापडला, त्यात लाखो मेली. मुख्यतः ती एकमेकांना लागण देतात, पण बुरशी माणसाच्या बुटांवरूनही जाऊ शकते. म्हणून तिकडे सामान निर्जंतुक करतात. आपले लोक निदान बूट तरी धुतात का?

पाहुणा: तुम्ही दोघं पत्ते वाटताय नाहीतर लपवताय, पण जमीन कुणाची? मेघालयात ती बहुतेक कुळांची, गावाची किंवा खासगी. वाहेह श्नोंगला, म्हणजे गावच्या मुख्याला, विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पत्ता द्यायचा की नाही, ते गाव ठरवेल.

डोंगरवेडा: हे पटलं. पण खाणीसाठी जमीन देणारेही गावातलेच असतात ना? त्यांना गुहा राखण्यात चार पैसे दिसायला नकोत?