मदत हवी आहे : ‘नाइस’ नेमका कुठल्या अर्थाने घ्यायचा?

नमस्कार मंडळी. एका जुन्या इंग्रजी निबंधाचं मराठी करतेय आणि ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ या शब्दांपाशी अडकलेय. आधी सरळ ‘छान फरक’ लिहिलं, पण वाक्य काही केल्या जुळेना. मग व्युत्पत्ती शोधली आणि थक्कच झाले. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अजाण: ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. (‘सायन्स’ही याच ‘स्किरे’तून आलाय!) जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा ‘नाइस’ माणूस म्हणजे मूर्ख माणूस. पुढे नाजूक, चोखंदळ, काटेकोर असे अर्थ चिकटत गेले, आणि ‘छान’ हा अर्थ रुळला तो अठराव्या शतकात. म्हणजे माझ्या वाक्यात तो ‘सूक्ष्म भेद’ असणार, एवढं कळलं.

आता खरी अडचण. त्याच निबंधात पुढे एका बाईंना ‘नाइस’ म्हटलंय. चोखंदळ की गोड स्वभावाच्या? संदर्भातून दोन्ही बसतं. अशा वेळी तुम्ही कसं ठरवता? आणि दोन्ही छटा पेलणारा एखादा मराठी शब्द सुचतोय का? ‘नाजूक’ लिहून पाहिला, पण तो तब्येतीकडे झुकतो. जुनं इंग्रजी वाचणाऱ्यांनी कृपया सांगा.