शब्दचर्चा : देवाचा ‘संतोष’, ‘प्रसन्नता’ आणि अर्पण ‘मान्य होणे’

प्रश्न
पवित्र शास्त्रात देव ‘संतुष्ट’ असतो, ‘प्रसन्न’ होतो, अर्पण ‘मान्य’ करतो, असे निरनिराळे शब्द येतात. हे सगळे एकाच अर्थाचे धरायचे का? आणि उपदेशांत सर्रास ऐकू येणारे ‘देवाला प्रसन्न करण्यासाठी’ हे शब्द ख्रिस्ती शिकवणीला धरून आहेत का?

उत्तर
एकाच अर्थाचे नाहीत. जुन्या करारात यांच्यामागे मुख्यतः दोन इब्री शब्द आहेत. ‘हाफेत्स’ (नाम ‘हेफेत्स’) म्हणजे मन ओढ घेणे, गोडी वाटणे. ‘रात्सा’ (नाम ‘रात्सोन’) म्हणजे पसंत करून स्वीकारणे.

‘रात्सोन’ला अर्पणविधीत अगदी ठरीव अर्थ आहे. लेवीय 1:3 प्रमाणे गुराढोरांतला होमबली निर्दोष नर हवा आणि तो दर्शनमंडपाच्या दाराशी आणायचा, म्हणजे आणणारा परमेश्वरापुढे मान्य ठरेल. लेवीय 22:22-24 मध्ये काय चालत नाही ते नेमके दिले आहे: आंधळे, हाड मोडलेले, व्रण किंवा खरूज असलेले, अंड ठेचलेले जनावर. 22:27 मध्ये वयाची अट आहे. वासरू, कोकरू किंवा करडू सात दिवस आईजवळ राहील, आठव्या दिवसापासून पुढे ते मान्य. म्हणजे ‘रात्सोन’ पारखून पाहता येते. याजक जनावर तपासून हो किंवा नाही म्हणू शकतो. अशा ठिकाणी मराठीत ‘मान्य’ किंवा ‘ग्रहणीय’ हेच शब्द चोख बसतात. ‘आनंद’ घातला की विधीचा अर्थ हरवतो.

‘हाफेत्स’ असा तपासता येत नाही. यशया 62:4 मध्ये ‘टाकलेली’ म्हणवल्या गेलेल्या नगरीला ‘हेफसीबा’ हे नवे नाव मिळते. त्याचा अर्थ ‘तिच्यात माझी आवड आहे’. तिथे नगरीने काही आणून दिलेले नाही. मलाखी 1:10 मध्ये तर दोन्ही शब्द एकाच वचनात आहेत आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी ‘तुमच्यात मला गोडी नाही’ (हेफेत्स), मग ‘तुमच्या हातचे अर्पण मी स्वीकारणार नाही’ (रात्सा). माणूस आधी, अर्पण मागून. उत्पत्ती 4:4-5 मध्येही हाबेलाचे नाव आधी येते, त्याच्या अर्पणाचे नंतर, काइनाचेही तसेच.

मात्र ही रेघ काव्यात इतकी ठळक राहत नाही. स्तोत्र 147:10 मध्ये घोड्याच्या बळासाठी ‘हाफेत्स’ आणि माणसाच्या पायांसाठी ‘रात्सा’ आहे, आणि तिथे अर्थात फरक नाही. घोडदळ आणि पायदळ, दोन्हींचा जोर त्याला मोहवत नाही एवढेच म्हणायचे आहे. पुढच्याच वचनात त्याचे भय धरणारे आणि त्याच्या दयेची वाट पाहणारे त्याला रुचतात. म्हणून एकेक शब्द सुटा काढून सिद्धांत बांधू नये, जोडीचे वाक्य वाचावे.

आता ‘प्रसन्न करणे’. मराठीत ‘प्रसन्न’ला दोन छटा आहेत. ‘प्रसन्न मुद्रा’ म्हणताना ती एक स्थिती असते. ‘देव प्रसन्न झाला’ म्हणताना आधी तो अनुकूल नव्हता, उपासनेने वळला आणि काहीतरी देऊन गेला, असा सगळा व्यवहार त्यात ऐकू येतो. ही दुसरी छटा सुवार्तेच्या क्रमाला उलटे करते. बाप्तिस्म्याच्या वेळी पित्याचा ‘मी संतुष्ट आहे’ हा शब्द (मत्तय 3:17) येशूच्या पहिल्या उपदेशाच्या आणि पहिल्या चमत्काराच्या आधीचा आहे. विश्वासणाऱ्यांचा स्वीकार इफिस 1:6 मध्ये ‘त्या प्रियामध्ये’ होतो. म्हणजे पित्याला पुत्राविषयी जो संतोष आहे त्यात ते सामील केले जातात. कृत्ये त्यानंतर येतात, आणि तीही इब्री 13:21 प्रमाणे देवच त्यांच्यात घडवतो.

तरी हे शब्द टाकून द्यायचे नाहीत. नवा करार देवाला आवडेल असे वागायला स्पष्ट सांगतो (1 थेस्सल 4:1, कलस्सै 1:10). मी ‘देवाला आवडेल असे वागणे’ हेच सुचवीन. त्यात लेकराचे नाते राहते, सौदा राहत नाही.

पुरवणी
इब्री 11:5 मध्ये हनोखाने ‘देवाला संतोषविले’ असे आहे. पण उत्पत्ती 5:24 उघडले तर तो ‘देवाबरोबर चालला’ असे सापडते. चूक कुणाचीच नाही. जुन्या ग्रीक भाषांतराने, म्हणजे सेप्तुआगिंताने, ‘बरोबर चालणे’ हे ‘आवडता होणे’ असे उतरवले आणि इब्रीकरांस पत्र त्यावरूनच पुढे जाते. त्यामुळे 11:6 मधले ‘विश्वासावाचून त्याला संतोषविणे अशक्य’ वाचताना मनात सोबतीची चाल असू द्यावी, कसोटीची गुणपत्रिका नको.

शंका
मग यशया 53:10 चे काय? सेवकाला ठेचावे हे परमेश्वराच्या मर्जीस आले, तिथेही ‘हाफेत्स’च आहे. देवाला त्यात गोडी वाटली असे म्हणायचे का?

उत्तर
नाही, पण शब्द तोच आहे हे दडवायचेही नाही. ‘हाफेत्स’पुढे क्रियापद आले की तो बहुधा ‘ठरवणे, इच्छिणे’ या अर्थाने चालतो. 1 शमुवेल 2:25 मध्ये एलीच्या मुलांना मारण्याची परमेश्वराची मर्जी होती, तिथे हीच रचना आहे. उलट यहेज्केल 18:23 आणि 18:32 मध्ये मरणाऱ्याच्या मरणात मला मुळीच गोडी नाही, असे देव याच शब्दाने सांगतो. एकाच धातूची ही दोन टोके एकत्र धरण्यासाठीच पुष्कळ धर्मशास्त्री देव जे ठरवतो आणि देवाला जे स्वतःमध्ये प्रिय आहे, यांत भेद करतात. विलापगीत 3:33 या भेदाला आधार देते: तो मनापासून पीडा देत नाही.

यशयाचे ते वचन अर्ध्यावर तोडण्याची चूक फार होते. त्याच 53:10 च्या शेवटी ‘हेफेत्स’ पुन्हा येतो. परमेश्वराचा मनोदय सेवकाच्या हातून सिद्धीस जाईल, आणि 53:11 मध्ये तो आपल्या कष्टांचे फळ पाहून तृप्त होईल. गोडी आहे ती त्या फळाची. भाषांतरात पहिल्या जागी ‘मर्जी’ आणि शेवटी ‘मनोदय’ हे मला योग्य वाटतात. पहिल्या जागी ‘आनंद’ कधीही घालू नये.

शंका
देवाला यज्ञ आवडतो की नाही? स्तोत्र 51 दोन्ही म्हणते.

उत्तर
51:16 मध्ये ‘तुला यज्ञाची आवड नाही’, 51:19 मध्ये ‘तेव्हा तुला नीतिमत्त्वाचे यज्ञ आवडतील’. मधले 51:17 त्यांचा सांधा आहे: भग्न हृदय. तो सांधा नसेल तर अर्पण लाचेसारखे होते. होशेय 6:6 मध्ये यज्ञाऐवजी दया हवी असे आहे, आणि मत्तय 9:13 व 12:7 मध्ये येशू तेच वचन दोनदा पुढे करतो. देवाला भूक लागते आणि अर्पणाने ती भागते, ही कल्पना स्तोत्र 50:12 सरळ मोडून काढते.

आणि हा संतोष देवळापुरता नाही. नीतिसूत्रे 11:1 मध्ये पुरे वजन त्याच्या ‘रात्सोन’चे आहे, खोट्या तराजूचा त्याला वीट येतो. अनुवाद 25:13 मध्ये पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन वजने ठेवायला मनाई आहे. विकत घेताना एक आणि विकताना दुसरे काढता येते म्हणून. वेदीवरच्या जनावराला लावलेला शब्द दुकानातल्या दगडालाही लागतो, हे मला या चर्चेतले सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्न
लूक 2:14 मध्ये कुठे ‘मनुष्यांविषयी प्रसन्नता’, कुठे ‘ज्यांच्यावर त्याचा प्रसाद झाला आहे त्या मनुष्यांत शांती’. कोणते घ्यावे?

उत्तर
ग्रीकमध्ये फरक शेवटच्या एका अक्षराचा आहे. ‘एउदोकिया’ (प्रसन्नता) घेतले तर तीन ओळी होतात, ‘एउदोकियास’ (प्रसन्नतेचे, म्हणजे प्रसाद झालेले) घेतले तर दोन. सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्राचीन हस्तलिखितांत मुळात ते अक्षर होते, नंतर दुरुस्ती करणाऱ्याने ते काढले. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे मिळालेल्या प्राचीन इब्री स्तोत्रांत ‘त्याच्या रात्सोनची लेकरे’ असा प्रयोग सापडल्यावर दुसऱ्या पाठाला आणखी बळ मिळाले. तोच घ्यावा. फक्त ‘सदिच्छा असलेल्या माणसांना शांती’ असे करू नये, कारण इथे प्रसाद देवाचा आहे, माणसाच्या सद्‌भावनेचा नाही.