उत्तर: उत्तर: ‘फास्टर फेणे’ – कुणाला कसा वाटला?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी नमस्कार,

शनिवारी ‘फास्टर फेणे’ चित्रपटाला सभागृह गच्च भरलं. खुर्च्या कमी पडल्या, मागची तरुण मंडळी उभी राहिली, त्यांचे आभार. चित्रपटाबद्दल बरं-वाईट जे काही वाटलं ते याच धाग्यावर लिहा, वेगवेगळे धागे काढू नका. ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांनी पुढचं वाचू नये, कथा फुटेल.

एक निळी पाण्याची बाटली आणि लहान मुलाचा एक डावा बूट राहिला आहे. फक्त डावा.

---

प्रेषक: बापू

समितीस,

आयोजन उत्तम, आवाज उत्तम, चित्रपटही म्हणाल तर उत्तम. फक्त तो फास्टर फेणे नव्हता.

पुस्तकातला फास्टर फेणे, म्हणजे आमचा बन्या, शाळकरी पोरगा. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, वसतिगृहात राहणारा, हाडं मोजून घ्यावीत असा किडकिडीत, सायकलवर बसला की वारा. भा. रा. भागवतांनी आपल्या पुस्तकांत तो इतका नेमका उभा केला होता की कोपऱ्यावरून येईल असं वाटायचं. पडद्यावर आला तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला निघालेला बाप्या! अमेय वाघ गुणी नट आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण तिशीला टेकलेल्या माणसाने तोंडाने बन्याचा तो ‘ट्टॉक्’ आवाज केला की मला कसंतरीच होतं. १९८७ साली दूरदर्शनवर मालिका आली होती, त्यात सुमीत राघवन होता, पोरगेलासा. त्याला बघून आम्ही म्हटलं होतं, हा बन्या. तिथेच विषय संपला होता.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ काढला तेव्हा श्यामला कॉलेजात घातलं नाही. माधव वझे नावाचा मुलगा शोधला आणि सगळा चित्रपट त्याच्या खांद्यावर ठेवला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे मूल घेऊन चित्रपट चालत नाही हे खोटं आहे.

बापू

---

प्रेषक: दुसऱ्या रांगेतली आई

बापूंचं दुःख वेगळं, माझं वेगळं. जाहिरातीत ‘सहकुटुंब पाहावा असा’ लिहिलं होतं म्हणून मी साडेपाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. परीक्षेच्या वेळी भेटलेला मुलगा मरतो, सगळे आत्महत्या म्हणून हात झटकतात, इथपर्यंत त्याला काही कळलं नाही, बरं झालं. पण गिरीश कुलकर्णींचा अप्पा पडद्यावर आला की तो माझ्या दंडाला घट्ट धरायचा. ओरडणारा खलनायक मुलांना चालतो हो. हा हळू आवाजात बोलतो! मध्यंतराआधीच आम्ही बाहेर. बूट आमचाच आहे.

मोठीने (वय ११) मात्र शेवटपर्यंत पाहिला आणि घरी येऊन मला पूर्ण गोष्ट सांगितली, अप्पाची नक्कल करून.

---

प्रेषक: ग्रंथालय (माई)

सोमवारी संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा तीन मुलं आणि दोन बाबा वाट बघत उभे होते. एरवी मीच आणि कपाट. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ आणि ‘चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे’ बाहेर गेली आहेत. ‘काश्मिरी करामत’ची पानं सुटलेली आहेत, ती मी शिवून देईन, तोवर मागू नका.

दोन बाबांपैकी एकाने पुस्तक स्वतःसाठीच नेलं. नाव सांगत नाही.

---

प्रेषक: मुलांच्या वाचनगटाची ताई

बापू, रागावू नका, पण मला तुमचं अर्धंच पटलं.

गेल्या रविवारी वाचनगटात आम्ही यावर बोललो. नऊ ते चौदा वयाची मुलं. बहुतेकांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, काहींनी आईबाबांकडून ऐकलं होतं. मी मुद्दाम विचारलं, पुस्तकातला फेणे शाळेत असतो आणि चित्रपटातला मोठा झालाय, हे कसं वाटलं? एकालाही काही वाटलं नाही! त्यांचं काही हरवलेलंच नव्हतं. हरवलंय ते आपलं. आपण दहा वर्षांचे असताना जो आपल्याच वयाचा होता, त्याने आपल्यासाठी तसंच थांबून राहावं, ही आपली अपेक्षा.

आणि खरं सांगू? चित्रपटवाल्यांनी तो मोठा केला तो तुमच्या-माझ्यासाठीच. आदित्य सरपोतदारांचा हा चित्रपट २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्या वेळी तिकीट काढून थिएटरात जाणारा कोण होता? लहानपणी पुस्तकं वाचलेला, आता कमावता झालेला माणूस. त्याच्या वयाला शोभेल असं रहस्य हवं, म्हणून परीक्षेचा घोटाळा आला, खून आला, रात्रीचं पुणं आलं. वाचकांबरोबर फेणेही मोठा झाला. माझी तक्रार इथे आहे, आणि ती बापूंच्या तक्रारीपेक्षा थोडी वेगळी आहे. बन्या बदलला याचं मला काही नाही. बालवाचकाच्या मालकीची गोष्ट मोठ्यांच्या नावावर चढवली, सातबारा बदलला, हे मला खुपतं. आणि वर तिला आपण ‘सहकुटुंब’ म्हणतो. कुटुंबातल्या सगळ्यात लहान माणसाने मध्यंतराआधी बाहेर जायचं, असं सहकुटुंब.

आता दुसरी बाजू. भागवतांच्या गोष्टींत शाळकरी मुलाला इतकं मोकळं रान कसं मिळतं ते कधी बघितलंत का? मुलगा वसतिगृहात आहे. सुट्टी आहे. सहल आहे. मोठी माणसं एकतर पोचलेली नसतात, नाहीतर शेवटी शाबासकी द्यायला येतात. कागदावर हे बिनबोभाट खपतं, कारण वाचणारं मूल ‘याचे आईवडील कुठे आहेत’ असं विचारत नाही, उलट ते नाहीत म्हणून खूश असतं. पडद्यावर खरा रस्ता, खरी रहदारी, खरे पोलीस दिसायला लागले की बारा वर्षांचा मुलगा रात्री एक वाजता गुंडांच्या मागे सायकलवरून जातोय हे बघताना सभागृहातल्या आयाच ओरडतील. पटकथा लिहिणाऱ्या क्षितिज पटवर्धनांपुढे हा पेच असणारच. त्यांनी नायकाचं वय वाढवून तो सोडवला. सोपा उपाय. वाईट म्हणणार नाही.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. तो भू-भू! शुभम मोरेने केलेला रस्त्यावरचा पोरगा. त्याच्याकडे नीट बघा. वळवळ्या, आगाऊ, कुणाच्या बापाला न भिणारा, गल्लीबोळ पाठ असलेला, मोठ्यांना पुढे पळून दाखवणारा. पुस्तकातला बन्या चित्रपटातून गेलाच नाही, तो भू-भूमध्ये जाऊन बसला आहे. आमच्या गटातल्या मुलांनी हे न सांगता ओळखलं. ‘तुम्हाला यातलं कोण व्हायला आवडेल’ म्हटल्यावर फेणे दोघांनीच घेतला, पत्रकार अबोली एका मुलीने, बाकी सगळे भू-भू. एका मुलाने अप्पा म्हटलं, त्याच्या घरच्यांशी बोलते.

आणि भा. रा. झालेले दिलीप प्रभावळकर. लेखकालाच पात्र करून त्याच्या घरात बन्याला राहायला पाठवायचं, ही कल्पना वाचकांना खास आहे. माझ्या शेजारचे काका भा. रा. हे नाव ऐकताच टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या पलीकडची मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, या आजोबांना काय झालं म्हणून. तोच माझा मुद्दा: तो संपूर्ण धागा तिच्यासाठी नव्हताच. तिला फक्त एक प्रेमळ आजोबा दिसले. तेही काही कमी नाही म्हणा.

ताई

---

प्रेषक: (बाबांच्या पत्त्यावरून) वय १६

बापूआजोबा आणि ताई, मी बाबांच्या मेलवरून लिहितोय. मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात.

तुम्ही सगळे वयाबद्दल बोलताय. परीक्षेबद्दल कोणीच बोललं नाही. मी पुस्तक वाचलेलं नाही. मला चित्रपट आवडला तो एकाच कारणाने. त्यात हुशार, साधा मुलगा मरतो आणि मोठी माणसं लगेच मान्य करतात की परीक्षेच्या ताणाने गेला असेल. कोणालाच आश्चर्य वाटत नाही. ते मला अप्पापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. फेणे एकटाच म्हणतो की नाही, तो तसा नव्हता, आणि त्यासाठी पळत सुटतो. त्याला मिळणार काहीच नसतं.

आमच्या वर्गातही सगळे पूर्ण वर्ष एकाच परीक्षेबद्दल बोलतात. चोरीला गेलेला हिरा वगैरे असता तर मी फोन बघत बसलो असतो.

फक्त मारामारी जास्त लांबली, आणि शेवट मला आधीच कळला होता.

---

प्रेषक: बापू

चिरंजीव,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतोस ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा सगळा वेळ तो बन्यासारखा दिसतो का, हे बघण्यात गेला.

पण एक सांगतो, आणि हे भांडण म्हणून नाही. ‘मिळणार काहीच नसताना पळत सुटणं’ हाच फास्टर फेणे. मूळचा. ते तुला चित्रपटात सापडलं असेल तर ते पुस्तकातूनच आलंय. माईंकडून ‘फुरसुंगीचा’ घे. जुनी वळणं आहेत, अडलं तर फोन कर, मी रिकामाच असतो.

वयाबाबत माझं म्हणणं कायम आहे.

बापू

---

प्रेषक: मागे उभा राहिलेला

बापू, तुमच्या भा. रां.नी काय केलं होतं ते आठवा की. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांना दिल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. मी शेंडेनक्षत्र शाळेत वाचलं आणि कितीतरी वर्षं मला ते मुळात फ्रेंच आहे हे माहीतच नव्हतं, इतकं ते आपलं होऊन आलं होतं. परक्याचं पुस्तक आपल्या पोरांच्या हातात नीट बसेल असं करून देण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस ‘माझ्या पात्राचं वय वाढवलं’ म्हणून रुसून बसला असता असं मला वाटत नाही. पुस्तक जागेवर आहे. चित्रपटाने त्याचं एक पान फाडलेलं नाही.

ताईंचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. व्हर्न मराठीत आणताना भा. रां.समोर मूल बसलेलं असायचं. चित्रपट करताना समोर मी बसलेलो होतो. मला मजा आली, हा त्याचा पुरावा.

गिरीश कुलकर्णींसाठी मी पुन्हा उभा राहून बघेन.

---

प्रेषक: दुसऱ्या रांगेतली आई

बूट मिळाला. धन्यवाद.

थोरलीने ‘प्रतापगडावर’ संपवलं. तिचं म्हणणं, चित्रपटातला जास्त हुशार आहे आणि पुस्तकातला जास्त मस्त आहे. दोघं वेगवेगळे आहेत असं ती धरूनच चालली आहे, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असावेत तसे. धाकट्याला रात्री मीच वाचून दाखवते, ‘ट्टॉक्’ आलं की तो करतो, मला करू देत नाही. अप्पाबद्दल अजून अधूनमधून विचारतो.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सर्वांचे आभार. ‘सहकुटुंब’ हा शब्द आमचाच, पोस्टर करताना सवयीने पडला. पुढच्या वेळी समितीतलं कुणीतरी चित्रपट आधी पाहील आणि किती वयापासून चालेल ते आकड्यात लिहील.

१९८७च्या मालिकेचे भाग दाखवा अशी बापूंची मागणी आली आहे. हक्क कुणाकडे आहेत ते विचारतो, परवानगीशिवाय काही लावता येणार नाही. ‘श्यामची आई’ची मागणी तिघांनी केली आहे. वाचनगटाच्या ताईंनी आधी मुलांबरोबर बसून तो पाहावा आणि काय ते कळवावं, मग सभागृहाची तारीख घेऊ.

निळी बाटली अजून इथेच आहे.

---

प्रेषक: ग्रंथालय (माई)

बाटली माझी.

आणि ज्या बाबांनी पुस्तक स्वतःसाठी नेलं त्यांनी ते आता परत करावं. मागे पाच मुलं नंबर लावून आहेत.