मदत हवी आहे: सेफीड ताऱ्यांभोवती धूळ की वायू?
नमस्कार मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. सेफीड म्हणजे ठरावीक काळाने फुगणारे-आकसणारे तारे. त्यांपैकी वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी साधारण ५.३७ दिवसांत एकदा फुगतो-आकसतो. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला त्याच्यापुढे कमानीसारखं अवरक्त उत्सर्जन दिसलं. म्हणजे ताऱ्यातून वायूचा वारा बाहेर वाहतोय, त्याचं वस्तुमान जातंय, असं मांडलं गेलं. उलट एल कॅरिनी या दुसऱ्या सेफीडच्या जवळच्या आवरणात धूळ नसून आयनीभूत (इलेक्ट्रॉन सुटे झालेला) वायू चमकत असावा, असंही वाचलं. मला तरी हेच पटतं, इतक्या तप्त पृष्ठाजवळ धूळ टिकणार कशी? मीरासारख्या थंड ताऱ्यांची गोष्ट वेगळी.

मग नुसत्या जादा अवरक्त प्रकाशावरून वस्तुमान घटण्याचा दर काढायचा कसा? वर्णपटात १० मायक्रॉनजवळ सिलिकेट धुळीची खूण असलेला उंचवटा नसेल, तर धूळ नाहीच म्हणायचं का? जाणकारांनी जरा उलगडून सांगा. गणित चालेल, फक्त मधल्या पायऱ्या गाळू नका.