मदत हवी आहे: केटररकडे चव बघायला एकटीच जाणार आहे, परवाच!

रेणू_सोलापूर
रविवारी साडेअकराला इथे पुण्यात केटररने चव बघायला बोलावलंय. बरोबर कोणी नाही. अठरा पदार्थ असतील म्हणाले. काय बघायचं, काय विचारायचं? कोणी एकट्याने जाऊन आलंय का? लवकर सांगा प्लीज.

नाना_कोथरूड
लग्न, मुंज की साठीशांत? किती पानं? पंगत की बुफे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रेणू_सोलापूर
लग्न. माझंच. साडेतीनशे पानं, दुपारी, पंगत.

वरणभात
माझं ऐका, जाऊच नका. तिथे दहा माणसांपुरतं केलेलं असतं, ते कोणालाही जमतं. साडेतीनशेंचा मसालेभात तळाला लागतो का, ते लग्नातच कळतं. त्यांचं पुढचं काम कुठे आहे विचारा आणि यजमानांच्या परवानगीने भटारखान्यात दहा मिनिटं उभ्या राहा. मुलीच्या लग्नाआधी आम्ही दोन ठिकाणी असंच बघून आलो.

मंदार_नागपूर
परवा जायचंय त्यांना, आता लग्नं कुठे शोधत फिरणार? मिठाचा, तेलाचा हात दहा माणसांच्या स्वयंपाकातही कळतो. फक्त एवढं विचारा, की आज ज्यांनी रांधलंय तेच आचारी त्या दिवशी असणार का. एका मुहूर्तावर तीन-तीन कामं घेतात. आमच्याकडे ऐनवेळी दुसरा आचारी आला, अळूला चिंच कमी पडली आणि पंगतभर घसे खाजले. सासरे अजून तो विषय काढतात.

वरणभात
मसालेभातात वांगं घालत नाहीत ना तेही बघा. तोंडलीच हवीत.

मंदार_नागपूर
हे कोणी ठरवलं? आमच्याकडे वांगीभातावर पंगती उठतात.

केतकी_क
भाताचं भांडण दुसरीकडे करा. रेणू, मुलाच्या मुंजीच्या वेळी मी एकटी गेले होते. अठरा पदार्थ पोटभर खायला गेलीस तर दहाव्यानंतर जिभेला काही कळत नाही. दोनच घास घे. सुरुवात वरण-भाताने, तेही तुपाशिवाय. तूप घातलं की कसलंही वरण बरं लागतं. मग कोशिंबीर, अळू, भाज्या, तिखट नंतर आणि गोड सगळ्यात शेवटी. पुरी आणि जिलबी ताटात वीस मिनिटं तशीच ठेव, मग खा. शेवटच्या पंगतीला ती तशीच मिळणार आहे. आणि तिथल्या तिथे वहीत लिही, घरी येईपर्यंत सगळं एकात एक होतं.

टोरांटोची_मावशी
एवढा खटाटोप कशाला? विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करा. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, झालं. आमच्या भाचीने तेच केलं.

रेणू_सोलापूर
मावशी, लग्न कसं करायचं ते ठरलंय. मी जेवणाचं विचारतेय.

नाना_कोथरूड
पण एकटी का? आई-वडील, नवरामुलगा?

रेणू_सोलापूर
वडील नाहीत. आई सोलापूरला आहे, पाय प्लास्टरमध्ये. तो जहाजावर आहे, लग्नाच्या दहा दिवस आधी उतरेल. तुला आवडेल ते ठरव म्हणाला. पण त्याच्याकडची दीडशे माणसं चिपळूण-रत्नागिरीची आणि माझी जीभ शेंगाचटणी नि काळ्या मसाल्यावर वाढलेली. मला छान लागेल ते त्यांना झोंबलं तर? आईला विचारल्याशिवाय मी आजवर साधी साडीसुद्धा घेतलेली नाही.

केतकी_क
हे आधी सांगायचंस गं. सासूबाईंना फोन कर, त्यांचं पुण्यात कोणीतरी असेलच, त्यांना बरोबर ने. उजवीकडच्या भाज्या मध्यम ठेव, उसळीत ओलं खोबरं, अळूत गूळ. तुमचं तिखट डावीकडे वाढायला सांग, ज्याला हवं तो मागून घेईल. आणि आईसाठी डबा मागून घे. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने ओळखीचं कोणी जात असेल तर त्यांच्याबरोबर दे.

आचारीपुत्र
वडिलांनी तीस वर्षं हाच धंदा केला, म्हणून सांगतो. चवीइतकंच कागदाकडे बघा. दरात जीएसटी धरलाय की वर लागणार, कमीत कमी किती पानांचे पैसे घेणार, पानं वाढली तर काय दर, वाढपी किती, पाणी जारचं की बाटल्यांचं, उरलेलं अन्न कोणाचं. सगळं लेखी घ्या. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक कोटेशनवर लिहायला सांगा. वाढपी कमी पडले की उत्तम जेवणालाही नावं ठेवली जातात, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

वरणभात
उभं राहून बघितल्याशिवाय खरं कळत नाही, हे माझं मत कायम आहे.

रेणू_सोलापूर
(रविवार, रात्री साडेअकरा)
जाऊन आले. सासूबाईंची चुलत बहीण धायरीला राहते, त्या आल्या. काळ्या मसाल्याचं भरलं वांगं मला फार आवडलं, त्यांनी एका घासानंतर पाण्याचा पेला उचलला. ते काढून बटाट्याची सुकी भाजी घेतली. शेंगाचटणी डावीकडे. जिलबी वीस मिनिटांत मऊ पडली, तिच्याजागी मोतीचुराचे लाडू. हेच आचारी येतील असं लिहून घेतलं, वाढपी वीस.

डबा हुतात्माने गेला. आत्ताच आईचा फोन येऊन गेला. मसालेभात चांगला आहे म्हणाली, वरणात हिंग कमी आहे. उद्या सकाळी केटररला तेवढं कळवते.